गुडघे नसलेली माणसं

१

आमच्या घरात ‘पुतळा’ हा शब्द चालत नसे. कपड्यांच्या दुकानांत काचेमागे जे उभे असतात त्यांना दुकानदार डमी म्हणत आणि बाबा माणसं म्हणत. ‘या आठवड्यात पाच माणसं गेली,’ असं ते जेवताना सहज म्हणाले, की नवखा पाहुणा घास हातात धरून आईकडे बघत बसे.

त्या संध्याकाळी ग्रंथालयातून निघून मी नेहमीसारखी कारखान्यात डोकावले. बाबा एका पुरुषाचा हात घासत होते. खांद्यापासून सुटा असलेला तो हात त्यांनी मांडीवर आडवा घेतला होता, आणि काचकागदाने ते साच्याची शिवण मोडत होते. हाताचा धनी शेजारीच उभा होता, रंगाआधीचा, राखी, टक्कल असलेला, कोपरात किंचित वाकलेला. बाबांच्या सगळ्याच माणसांचे हात तसे वाकलेले असत. बाबांचेही. हात पूर्ण सरळ झालेला मी कधी पाहिला नव्हता.

‘‘कसा झालाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बरा आहे.’’

‘‘बरा म्हणजे झालाच.’’

आमच्याकडे कौतुकाची मजल ‘बरा’च्या पुढे जात नसे. आई स्वयंपाकाला बरा म्हणे, बाबा माझ्या निकालाला बरा म्हणत, आणि ज्याला त्याला त्यातलं मोजमाप कळत असे.

‘‘याचे पाय माझेच आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘विसाव्या वर्षीचे. माणूस म्हातारा होतो, साचा होत नाही.’’

मग उठताना त्यांचा गुडघा सटकला. त्यांनी राखी माणसाचा खांदा धरला. ‘‘उभा राहा रे बाबा,’’ ते त्याला म्हणाले, ‘‘नाहीतर दोघंही आडवे होऊ.’’ फळीवरच्या पिवळ्या डब्यातून त्यांनी आत्याची पूड चमचाभर तोंडात टाकली आणि गार चहाबरोबर गिळली. त्यांच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. पाय सुजत, म्हणून ते बांधतच नसत. दिवसभर उभं राहिल्यावर सुजणारच, असं म्हणत. हातांच्या अंगठ्यांची नखंही अशीच होती. अर्धी, चिरलेली, एका कडेला नुसतीच कातडी. कामाने खाल्ली, असं म्हणत.

‘‘उद्या ये. याला रंग लावतो.’’

‘‘येते.’’

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात फोन आला तो त्यांच्या भागीदाराचा. बाबा खुर्चीत बसले होते. कुंचला पाण्यात होता. त्यांनी राखी माणसाच्या फक्त ओठांना रंग लावला होता.

२

हृदय थांबलं, पण दोष हृदयाचा नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला आणि मान हलवली. मूत्रपिंडं कधीचीच संपत आली होती. रक्तात इतकं विष साठलेला माणूस आजवर उभा कसा होता, याचंच त्यांना नवल वाटलं.

‘‘बाहेरचं काही औषध घेत होते का? पूड, काढा, काही?’’

त्यांनी सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं असेल. पण आईची मान ज्या वेगाने वळली, तो मी पाहिला. आत्या भिंतीशी उभी होती. बाबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहणारी.

‘‘वन्सं,’’ आई म्हणाली, ‘‘त्या डब्यात काय होतं?’’

आत्याने शाल हातांभोवती ओढून घेतली.

घरी आल्यावर आईने एकच वाक्य उच्चारलं आणि ते सर्वांना ऐकू जाईल असं उच्चारलं. डब्यात काय होतं ते कळेपर्यंत वन्संनी जेवायला खाली येऊ नये, आणि कळल्यावर, जे वाटतंय तेच निघालं, तर त्यांनी दुसरं घर बघावं.

आईने तिच्या भावाला बोलावलं. मामा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. त्याचं काम आग विझवण्याचं नव्हतं. विझल्यावर राखेत शिरून ती कशी लागली ते सांगण्याचं होतं.

‘‘अक्का, मी काही पोलीस नाही,’’ तो म्हणाला.

‘‘तू शोधतोस ना? मग शोध.’’

मामाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘पोरी, एक लक्षात ठेव. सगळ्यांत जास्त जळलेली जागा लोक दाखवतात. तिथे काही नसतं. सगळ्यांत आधी कुठे जळलं, ते बघायचं. आणि ते सापडलं नाही, तर त्याच घरात आग पुन्हा लागते.’’

आम्ही दोघं कारखान्यात गेलो. फळीवर धुळीत एक स्वच्छ गोल होता. पिवळा डबा नव्हता.

३

आत्याच्या खोलीत मी आत गेले, मामा दारातच उभा राहिला. ती खिडकीशी बसली होती, हात शालीत.

‘‘डबा तुमचा?’’

‘‘माझा. पूडही माझी. घरीच कुटते.’’

‘‘कशाची?’’

‘‘सुंठ, मेथ्या, हळद. आणि थोडी साखर, नाहीतर दादा तोंड वाकडं करायचा.’’

‘‘आणि आता डबा गेला. म्हणजे पूड तपासता येणार नाही. कुणाच्या फायद्याचं आहे हे?’’

‘‘माझ्या,’’ आत्या म्हणाली. ‘‘तुम्ही तेच म्हणणार ना? माझ्या फायद्याचं आहे. पण मी नेला नाही.’’

‘‘दादांनाच का देत होता?’’

‘‘दादालाच कुठे? मीही घेते. गुडघ्यांसाठी. आमच्या दोघांचेही गुडघे लहानपणापासून असेच. पळताना मधेच निसटायचे. शाळेत आम्हाला बिजागरी म्हणायचे, मोठी बिजागरी आणि धाकटी बिजागरी.’’ ती हसली आणि हसू तिथेच विरलं. ‘‘तुझी आई म्हणाली तर मी जाईन गं. कुठेही राहीन. पण दादाला मी मारलं, हे डोक्यावर घेऊन नाही जाणार.’’

उठताना तिने खुर्चीचा हात धरला आणि शाल घसरली. आत्या नखांना नेहमी गडद रंग लावे. लहानपणी मला ती चैन वाटे. त्या दुपारी खिडकीच्या उजेडात मला दिसलं, की अंगठ्यांवर नख नव्हतंच, कातडीवरच रंग होता.

जिन्यात मामा हळूच म्हणाला, ‘‘ती स्वतः घेते आणि धडधाकट आहे. म्हणजे एकतर पूड निर्दोष, नाहीतर बाई खोटं बोलते.’’

‘‘मामा, आत्या कधी कारखान्यात काम करायची?’’

‘‘ती? साच्यात ओततात त्या रेझिनच्या वासाने तिचं डोकं उठतं म्हणून भावोजी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत. का?’’

मी पुढच्या पायऱ्या उतरले. पण कामाने खाल्लेली नखं, काम न करणाऱ्या बाईच्या हातांवर काय करत होती?

४

भागीदार जाडजूड, बडबडा, आणि त्या आठवड्यात जरा वाळलेला.

‘‘माझ्यावर संशय आहे ना? असू दे,’’ त्याने सुरुवातच अशी केली. ‘‘रेझिन मी आणतो. स्वस्तातलं आणलं म्हणून तो गेला, असं बाजारात बोलताहेत. पण साहेब, मीही त्याच हवेत जगतो. उलट मिसळण्याचं काम माझंच. हे बघा.’’

त्याने दोन्ही पंजे टेबलावर आपटले. नखं रुंद, पिवळट, आणि सगळी शाबूत.

मामाने ती बघितली आणि वहीबिही न काढता तो नुसता गप्प राहिला. गप्प राहणं ही त्याची हातोटी होती. समोरचा ती पोकळी भरून काढतो.

‘‘त्याच्यासारखा माणूस नाही होणार,’’ भागीदार म्हणाला. ‘‘आमचा माल दुकानदार डोळे मिटून ओळखतात. सांगा कसा? गुडघ्यावरून! बाकीच्यांच्या डमीला पँट घातली की गुडघ्याशी फुगते. आमच्याला नाही. कापड वरून खाली पाण्यासारखं पडतं, कारण आमच्या मालाला गुडघ्याची वाटीच नाही. मी एकदा म्हटलं, अरे, माणसाला तिथे गोळा असतो. तर स्वतःचा पाय पुढे करून म्हणाला, कुठे असतो, दाखव. दाखवायला गेलो, तर खरंच नव्हता! मी म्हटलं, असेल एखाद्याचं. धंद्याला बरंच आहे की.’’

‘‘साचे कुणाचे?’’ मी विचारलं.

‘‘पहिले साचे त्याच्याच अंगावरचे. धंदा सुरू केला तेव्हा नमुन्याला माणूस बसवायची ऐपत कुठे होती? स्वतःच्या पायांना, हातांना प्लास्टर लावलं आणि साचा काढला. लहान मुलीच्या डमीच्या हातांसाठी बहिणीला बसवलं. बारा-तेरा वर्षांची असेल ती. आजही आपल्या लहान मुलींना तिचेच हात आहेत.’’

‘‘तेव्हा रेझिन वापरत होते?’’

‘‘छे! रेझिन, फायबर, सगळं मी आल्यावर. त्याआधी कागदाचा लगदा. साधा, भिजवलेला कागद.’’

मामाने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी होती. ‘‘ते जुने साचे कुठे आहेत?’’

‘‘माळ्यावर. कुलपात. किल्ली धाकट्याकडे असते.’’

धाकटा म्हणजे माझा भाऊ. बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आता कारखान्याचा अर्धा भार उचलणारा. बाबा गेल्यापासून तो माझ्याशी नीट बोललाच नव्हता.

५

भावाने किल्ली द्यायला इतका वेळ लावला की मामाने ती त्याच्या हातातून घेतली.

माळ्यावर छताच्या काचेतून पांढरा उजेड येत होता. त्यात बाबांची जुनी माणसं उभी होती, बिनडोक्याची, एक हात नसलेली, पोकळ. मामा एकेका धडावर टिचकी मारत चालला. टण, टण, टण. एक धड बोललं नाही.

त्याने आत हात घातला आणि पिवळा डबा बाहेर काढला.

‘‘धाकट्या,’’ मी म्हणाले.

तो शिडीवरच बसला. ‘‘ताई, मी आत्याला वाचवायला नाही लपवला. म्हणजे, तेही होतंच. पण…’’ त्याने मान खाली घातली. ‘‘मीही घेतो ती पूड. आईपासून चोरून. गुडघा सटकतो माझा. बाबांसारखाच. इस्पितळात डॉक्टर पुडीबद्दल बोलले आणि मी तडक येऊन डबा इथे लपवला. पूड विषारी निघाली असती, तर मीही मरतोय, हे मला कुणीतरी सांगितलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं.’’

त्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या.

‘‘पाय सुजतात?’’

‘‘उभा असतो ना दिवसभर.’’

आग त्याच घरात पुन्हा लागते. मामाच्याही मनात तेच वाक्य आलं असणार, कारण त्याने डबा खाली ठेवला तो अगदी अलगद.

‘‘हात दाखव,’’ मी म्हणाले.

त्याने पंजे पुढे केले. मी खाली बसले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या भावाची नखं वाचली. होय, वाचली. अंगठ्याचं अर्धं. शेजारच्या बोटाचं कडेला तुटलेलं. मधल्याचं जरा बरं. करंगळीपर्यंत येता येता सगळं ठीक. दोन्ही हातांवर तोच क्रम. नखाच्या मुळाशी आपल्याला जो पांढरा अर्धचंद्र असतो, तो त्याच्या नखांवर चंद्र नव्हता. छोटा, नेटका त्रिकोण होता.

‘‘मामा, कुंचला कुठल्या हातात धरतात?’’

‘‘उजव्या.’’

‘‘रसायनाने खाल्लं असतं तर उजवा हात जास्त खाल्ला असता. आणि त्याने बोटं अशी ओळीने का खाल्ली असती?’’

मी कोपऱ्यातल्या जुन्या साच्यांकडे गेले. कापडात गुंडाळलेला, बाबांच्या अक्षरात ‘मी’ लिहिलेला एक तुकडा होता. प्लास्टर पिवळं पडलं होतं. मी तो उजेडात धरला. साच्यात सगळं उलटं असतं, उंचवटा खळगा होतो. तरी ते स्पष्ट दिसलं. अंगठ्याच्या टोकाशी अर्ध्या नखाचा ठसा. शेजारच्या बोटाचं कडेला तुटलेलं. शेवटच्या पेरांवर, जिथे प्रत्येकाच्या कातडीला वळ्या असतात, तिथे एकही रेघ नाही. त्याच्या शेजारी छोटा साचा. त्यावर लिहिलं होतं, ‘बिजागरी’. बारा वर्षांच्या मुलीचे हात. तेच नख, तोच क्रम.

मी किती वेळ ते धरून बसले कोण जाणे. बाबा तिथे होते. विसाव्या वर्षीचे, ओल्या प्लास्टरमध्ये हात घालून, हलायचं नाही म्हणून श्वास रोखलेले.

‘‘मामा, तू म्हणालास ना, सगळ्यांत आधी कुठे जळलं ते बघायचं?’’ माझा आवाज मलाच परका वाटला. ‘‘इथे. हे दोन हात कारखान्याच्या आधीचे आहेत. रेझिनच्या आधीचे, पुडीच्या आधीचे, आईच्या आधीचे. आपल्या सगळ्या संशयितांपेक्षा हे साचे जुने आहेत.’’

मामाने साचा हातात घेतला. तो त्याने भावाच्या अंगठ्याशेजारी धरला.

‘‘म्हणजे हे जन्माचं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘जन्माचंच. अरे देवा. आणि आम्ही सगळे कामाला दोष देत बसलो.’’

६

मूत्रपिंडांच्या डॉक्टर ठेंगण्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. मी साचे टेबलावर मांडले तेव्हा त्यांना वाटलं मी काही विकायला आलेय. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

‘‘हे कुणाचे?’’

‘‘वडिलांचे. हे आत्याचे. हा माझा भाऊ.’’

त्यांनी भावाला पँट वर सरकवायला लावली. गुडघ्यावर बोट फिरवलं. जिथे वाटी हवी तिथे सुपारीएवढं काहीतरी एका बाजूला सरकलेलं होतं. कोपर सरळ करायला लावला. झाला नाही.

‘‘एक्स-रे काढू. गुडघ्याचा नाही, कमरेचा.’’

‘‘कमरेला काही होत नाही मला,’’ भाऊ म्हणाला.

‘‘म्हणूनच.’’

फिल्म उजेडाच्या पेटीवर लागली. कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन छोटी शिंगं होती. खरी शिंगं, हाडाची, निमुळती. इतकी वर्षं तो ती अंगात घेऊन हिंडत होता, बसत होता, झोपत होता.

‘‘अशी शिंगं दुसऱ्या कुठल्या आजारात जवळजवळ दिसतच नाहीत,’’ डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. शिकवताना नव्हे, देवळात बोलावं तसं. ‘‘मी पुस्तकात पाहिली होती. याला नेल-पटेला सिंड्रोम म्हणतात. नखं, गुडघ्याची वाटी, कोपर, ही शिंगं, आणि काही जणांत मूत्रपिंडं.’’

‘‘नखांचा आणि मूत्रपिंडांचा काय संबंध?’’ आईने विचारलं. ती आली होती. दारापाशी बसली होती.

‘‘तेच तर नवल आहे, बाई. पोटातल्या बाळाचे हात फुटतात तेव्हा त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, ही पाठ आणि हा तळवा. नख या बाजूला, रेषा त्या बाजूला. ते सांगणारी एक सूचना शरीरात असते. तीच सूचना पुढे मूत्रपिंडाची गाळणीही विणते. एकच कारागीर दोन्हीकडे हात लावतो म्हणा ना. तो जन्मतःच चुकला, तर दोन्हीकडे चुकतो. प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. कुणाची मूत्रपिंडं जन्मभर टिकतात, कुणाची नाही.’’

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दहा पूर्ण नखं, दहा अर्धचंद्र. मला ते एकाएकी कुणीतरी मोजूनमापून बसवल्यासारखे दिसले.

भावाच्या लघवीत प्रथिनं जात होती. पण गाळणी अजून काम करत होती. गोळ्या, मीठ कमी, दर काही महिन्यांनी तपासणी. डॉक्टर म्हणाल्या, लवकर आलात. डोळ्यांचा दाबही मोजून घ्या, या आजारात तोही वाढू शकतो. आत्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तिची मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. पिवळ्या डब्यात सुंठ, मेथ्या, हळद, आणि साखर. साखर तिने सांगितली होती त्याहून जास्त.

‘‘दादाला गोड लागायचं,’’ एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री पानं वाढल्यावर आई जिना चढून गेली. मी खालून ऐकत होते. आधी नुसतीच खुर्ची सरकल्याचा आवाज.

‘‘वन्सं, हात दाखवा.’’

‘‘कशाला, वहिनी?’’

‘‘दाखवा म्हणते ना.’’

पुन्हा खुर्ची सरकली. मग आईचा आवाज, फुटलेला. ‘‘मला बघायला आले तेव्हाही यांनी हात खिशातच ठेवले होते. मी विचारलं नखांना काय झालं, तर म्हणाले, कामाने. तेव्हा काम सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. मी मानलं. जन्मभर मानलं.’’

‘‘आम्हीही मानलं,’’ आत्या म्हणाली.

‘‘चला. पान गार होतंय.’’

दोघी खाली आल्या. आत्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि आई तिच्या पुढे, पण पाठमोरी नव्हे, तिच्याकडे तोंड करून, उलटी उतरत होती. तिने पडू नये म्हणून.

राखी माणूस भावाने पूर्ण केला. ओठ बाबांनी रंगवले होते तसेच ठेवले. तो बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, निळा शर्ट आणि करड्या रंगाची पँट घालून.

काल सकाळी ग्रंथालयात जाताना मी काचेसमोर थांबले. दुकान अजून उघडलं नव्हतं. पँट वरून खाली पाण्यासारखी पडत होती. उजवा हात कोपरात किंचित वाकलेला, काहीतरी द्यायला पुढे आलेला. अंगठ्यावर अर्धं नख. रस्त्याच्या पलीकडे दुसरं दुकान, त्यातही बाबांचीच दोन माणसं. पुढच्या वळणावर एक लहान मुलगी, आत्याच्या हातांची. मी सगळीकडे बघत राहिले. इतकी वर्षं अख्खं गाव बाबांच्या दुखण्यासमोर उभं राहून कपडे पसंत करत होतं, आणि ते कुणालाही देखणंच वाटलं होतं.

काचेत माझं प्रतिबिंब त्याच्या शेजारी उभं होतं. मला बाबांचा प्रश्न ऐकू आला, काचकागद थांबवून विचारलेला, नेहमीचा, कसा झालाय? शेजारी झाडूवाली होती, एक सायकलवाला होता. मी मागे वळून पाहिलं नाही.

‘‘सुंदर झालाय, बाबा,’’ मी मोठ्याने म्हणाले. ‘‘फार सुंदर.’’